आरशातलं मनगट

३ फेब्रुवारी

थोरले,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडता टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता ह्यांच्याकडून लिहून घेतला. इथपर्यंत वाचलंस म्हणजे फसलीस. आता पुढचंही वाच.

वर ‘ती.’ लिहावं की ‘चि.’ यात माझी दहा मिनिटं गेली. अकरा मिनिटांनी मोठ्या असलेल्या बहिणीला काय लिहितात ते आपल्याला कुणी शिकवलंच नाही. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर तू खिडकीजवळची जागा घ्यायचीस, पहिली आंघोळ तुझी, नवी वही आधी तुला. म्हणून थोरलीच बरं.

आई गेली त्या दिवशी तू चपला घालून निघालीस त्याला चार वर्षं झाली. फोन तू उचलत नाहीस आणि मीही करायचं सोडलं. भांडायला लिहीत नाहीये. काम आहे. कामाशिवाय आठवण झाली नाही असं म्हणशील, तर म्हण.

माझ्या उजव्या मनगटाच्या हाडात गाठ आहे. कॅन्सर नाही, तेव्हा घाबरू नकोस, म्हणजे घाबरणार असशील तर. ही गाठ सहसा पसरत नाही, पण बसल्या जागी हाड पोखरत राहते. दीड वर्षापूर्वी एकदा ती खरवडून काढली आणि पोकळीत सिमेंट भरलं. हो, सिमेंटच, हाडांचं वेगळं मिळतं. माझं बांधकाम झालं म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते. चौदा महिन्यांत गाठ परत आली. आता सर्जनबाई म्हणतात, वरचं हाड अंड्याच्या कवचाइतकंच उरलंय, किटली उचलतानासुद्धा तडकेल.

अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे येणारं जे हाड असतं, त्याचं चार बोटं लांबीचं टोक कापून काढायचं आहे. त्या जागी धातूचं टोक बसवतील, माझ्या मापाने घडवलेलं. ते नको असेल तर दुसरा मार्ग म्हणजे मनगट पट्टी आणि स्क्रूंनी कायमचं जखडायचं. मग दुखणार नाही आणि वळणारही नाही. ‘पुष्कळ लोक तसंही छान जगतात,’ असं त्या म्हणाल्या. त्या पुष्कळ लोकांना कवळ्या घडवायच्या नसतात. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून मी एकवीस वर्षं मेणात दात लावते आहे. एकेक दात जागेवर बसवायला मनगट किती अंगांनी फिरतं ते मलाच माहीत. ते फिरायचं थांबलं की मी घरी बसले. आणि दुसरं मला काही येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता काम सांगते. धातूचं टोक घडवायला माप लागतं. माझ्या उजव्याचं माप गाठीने खाल्लंय. एरवी असं असलं की दुसऱ्या, धडक्या हाताचा स्कॅन काढतात, संगणकावर तो आरशात धरल्यासारखा उलटा करतात आणि त्यावरून टोक बनवतात. माझा डावा चालत नाही. का चालत नाही ते तुला माहीत आहे. तेरा वर्षांची असताना भिंतीवरून पडले, तेव्हा तो मोडला आणि वाकडा जुळला. तेव्हा उरलीस तू. एकीच्या अंगावर माप घेऊन आई दोघींचे कपडे शिवायची ते आठव. तुझ्या उजव्या मनगटाचा एक स्कॅन हवाय, पाच मिनिटांचं काम आहे. कुठल्या पद्धतीने काढायचा ते सर्जनबाईंनी लिहून दिलंय, सोबत जोडते. वीस मार्चपर्यंत मिळायला हवा, नंतर त्यांना आराखडा थांबवता येणार नाही.

त्या भिंतीच्या गोष्टीत मला आता शिरायचं नाही. लहान होतो आपण. माझ्यापुरतं विचारशील तर मी तुला केव्हाच माफ केलंय.

धाकटी

१९ फेब्रुवारी

थोरले,

पत्र परत आलेलं नाही. म्हणजे मिळालं. वाचलंस का ते पोस्ट सांगत नाही.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुला झोंबलं असेल. मलाही पाकीट पेटीत टाकल्यावर झोंबलं. पेटीच्या फटीत बोटं घालून बघत होते, तर मागे उभ्या बाईंनी विचारलं, काही पडलं का आत. हो म्हणाले.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. सर्जनबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, डावा हात पूर्वी कधी मोडला होता का. मी नाही म्हणाले. त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं, इथे थोडा उतार दिसतोय. मी म्हणाले, जन्मापासूनच तसा आहे, आमच्या घरात सगळ्यांचे हात असेच. हे शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘बहिणीचं नाव नको यायला म्हणून खोटं बोललीस ना? मन मोठं आहे तुझं.’ जिना उतरताना ह्यांनी माझी पिशवी घेतली आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

तर त्या खोट्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. माझ्या डाव्याचा स्कॅन निघाला, आरशात उलटा झाला. त्यावरून आधी एक प्लॅस्टिकचा नमुना आला, हातात धरून बघायला. सर्जनबाई आणि आराखडा करणारे इंजिनिअर दोघंही खुशीत होते. मी तो घरी आणला, दुसऱ्या दिवशी कामावर नेला आणि काचेच्या सपाट पाटीवर ठेवला. आम्ही कवळी अशीच तपासतो, काच खोटं बोलत नाही. नमुना एका बाजूला कलला. तो उतार माझ्या ओळखीचा आहे, अठ्ठावीस वर्षं रोज अंगावर वागवतेय. तोच आता धातूत उतरून माझ्या उजव्या हातात बसणार होता.

शिकाऊ असताना मी एकदा हेच केलं होतं. एका गृहस्थांचा उजवा सुळा गेला होता. अशा वेळी डावीकडचा सुळा बघून, उलटा करून कोरायचा असतो. मी डावा इतका हुबेहूब उतरवला की त्याचा टवकाही उतरवला. शिकवणारे सर भिंगातून बघून म्हणाले, ‘बाई, तू चूकसुद्धा इमानाने केलीस.’ सगळी खोली हसली होती. मीही.

नमुना घेऊन मी एकटीच सर्जनबाईंकडे गेले आणि सांगितलं की हात मोडला होता. त्या रागावल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, सख्खं भावंड कुणी आहे का? जुळी बहीण आहे म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळला. ‘अहो, मग प्रश्नच मिटला.’ त्यांना काय माहीत.

तू स्कॅन दिला नाहीस, तर सरासरी मापाचं टोक बसवता येतं म्हणे. पण माझ्या बाकीच्या हाडांशी ते कसं जमेल हे आधी सांगता येत नाही. नाही जमलं, तर शेवटी जखडायचंच. मी रोज खोलीत बसून मनगट पट्ट्यात घट्ट बांधते आणि मेणाचा चाकू धरून बघते. नाही जमत गं. खांद्यापासून वळावं लागतं. काल दातांच्या डॉक्टरांनी दारातून पाहिलं आणि परत गेले.

काल मला तो प्लॅस्टरचा महिना आठवला. माझा डावा गळ्यात बांधलेला, आणि समोर बसून तू मुद्दाम डाव्या हाताने जेवायचीस, मला वेडावून दाखवायला. अर्धं खाली सांडायचीस तरी हट्ट सोडायची नाहीस. मी आईकडे तक्रार केली आणि तिने तुझं ताट उचलून नेलं. पुढे तू डावरीच झालीस. तू शिकवतेस त्या शाळेत मुलं तुला ‘डावऱ्या बाई’ म्हणतात असं मावशी सांगायची, तेव्हा मी हसायचे. हट्टाने डावरं झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बघ, पुन्हा भांडायलाच लागले. स्कॅन काढ. मी पाया पडते म्हण, काय हवं ते म्हण.

धाकटी

११ मार्च

थोरले,

हे डाव्या हाताने लिहितेय. उजवा आता कोपरापर्यंत आधारपट्टीत आहे. परवा नळ बंद करताना आतून कट असा आवाज आला. हाड तडकलंय. सर्जनबाई म्हणाल्या, आता वाट बघायला फार जागा नाही. अक्षर आडवं पडलंय, तुझ्यासारखं दिसतंय.

नऊ दिवस उरलेत. रोज टपालाच्या वेळेला मी दारात उभी असते. टपालवाल्या बाई लांबूनच मान हलवतात, म्हणजे मला जिना उतरायला नको.

भिंतीचं सांगते. तुला सांगायची काही गरज नाही, तू तिथे होतीस. पण मी ते आजवर कधी शब्दांत मांडलेलं नाही, स्वतःशीसुद्धा नाही.

घरामागची कुंपणाची भिंत. तू तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचीस, मला जमायचं नाही. आईने दोघींनाही बंदी केली होती. त्या दिवशी मी एकटी चढले. तू खालून म्हणालीस, उतर, माझं ऐक, उतर. तू म्हणालीस म्हणूनच मी उतरले नाही. मधोमध गेल्यावर पाय लटपटायला लागले. तू धावत आलीस आणि हात वर केलास, मला धरायला. मी तो धरला नाही. मला तुझी मदत नको होती. मग मी पडले.

आई आली तेव्हा माझ्या हाताचं मनगट भलतीकडेच वळलेलं होतं आणि तुझा हात अजून तसाच पुढे होता. आईने विचारलं काय झालं. मी म्हणाले, हिने ढकललं.

मारेल म्हणून घाबरले होते, एवढंच. लहान मुलं बोलतात तसं बोलले. पण नंतर कितीतरी वेळा ते मागे घेता आलं असतं. संध्याकाळी घेता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, प्लॅस्टर निघालं तेव्हा, दोन महिन्यांनी तुला मावशीकडे राहायला पाठवलं तेव्हा. तुझी पेटी रिक्षात ठेवताना मी उंबऱ्यात उभी होते. खिडकीजवळची जागा आता मला मिळणार, असा विचारही मनात आला होता. तो आला होता हे मी आज कबूल करते.

त्या दिवशी आईने तुला ओढत नेऊन कोठीच्या खोलीत कोंडलं. मी बाहेर खाटेवर होते, रिक्षा यायची होती. मला काही ऐकू आलं नाही, दुखण्याने मी अर्धमेली झाले होते.

आणि चार वर्षांपूर्वी. आईला पोचवून सगळे घरी आले होते. काका कुणाला तरी तुझी ओळख करून देत होते, ‘ही दुसरी. हिनेच धाकटीचा हात मोडला होता लहानपणी.’ सहज म्हणाले ते, कौतुकानेच. तू भर माणसांत माझ्याकडे वळलीस. ‘आता आई नाहीये. आता तरी सांग.’ मी चहाचे कप गोळा करत होते. गोळा करतच राहिले. कप स्वयंपाकघरात ठेवून आले तेव्हा तुझ्या चपला नव्हत्या.

मला माफ कर असं लिहायला हात उचलला, तर आठवलं की पहिल्या पत्रात मीच तुला माफ करून बसलेय. काय बाई आहे मी.

आणि बघ, आत्ताही मी कुणाला सांगतेय? जिला आधीपासून माहीत आहे तिलाच. ह्यांना नाही, काकांना नाही, मुलीला नाही. माझ्या मुलीला वाटतं तिची मावशी हात मोडणारी आहे. तिने तुला जेमतेम दोनदा पाहिलंय.

मी रडून भेकून तुझा हात मागतेय, जो मी तेव्हा धरला नव्हता. तू नाही म्हणालीस तर ते बरोबरच आहे. पण थोरले, मला घरी बसायचं नाहीये. माझ्याजवळ या हाताशिवाय काही नाही. स्कॅन काढ. नंतर जन्मभर बोलू नकोस, पण स्कॅन काढ.

धाकटी

२४ मार्च

थोरले,

सीडी मिळाली. एकोणीसला, दुपारी. टपालवाल्या बाईंनी या वेळी मान हलवली नाही, जिना चढून वर आल्या. पाकिटात सीडी आणि वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा, त्यावर तुझं आडवं अक्षर. ‘उजवा बघून घे. डावा वापर.’

पाच शब्द. मी ते जिन्यातच वाचले आणि मला त्यांचा अर्थ लागला नाही. सर्जनबाईंनी उजव्याचा स्कॅन मागितला होता, तू दोन्ही हातांचा काढून पाठवलास. वाटलं, डावरी आहे, तिला डाव्या हाताचा अभिमान. खरंच असंच वाटलं मला. मी हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी हे आणि मी सर्जनबाईंकडे गेलो. इंजिनिअरनी तुझा उजवा पडद्यावर आणला. फिरवून फिरवून बघितला. मग बाईंकडे बघितलं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि मला विचारलं, बहिणीचं हे मनगट कधी मोडलं होतं?

मी म्हणाले, तिचं कुठे, मोडलं ते माझं.

त्यांनी पडद्यावर पेन टेकवलं. इथे हाडाची वाढ होते ती जागा असते, ती दबून बंद पडलीय. बारा-तेराच्या वयात झालेलं आहे. प्लॅस्टर घातलेलं दिसत नाही, हाड जसं जुळलं तसं जुळू दिलंय. हात कशात तरी सापडून चेमटला असावा. मग त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, ‘दारात वगैरे.’

मी पडद्याकडे बघत राहिले. त्या महिन्यातलं तुझं ताट दिसलं मला, डाव्या हाताने उचललेला घास आणि खाली सांडलेलं. तू वेडावत नव्हतीस. तुझा उजवा उचलतच नव्हता. आणि मी तक्रार केली, आणि ताट उचललं गेलं, आणि तू उपाशी उठलीस, आणि तरी कुणाला सांगितलं नाहीस. सांगून कुणी ऐकलं असतं? ढकलणारीचं.

बाईंना नोंद करायची होती म्हणून त्यांनी परत विचारलं, काही माहिती आहे का, कसं झालं. हे बाजूला होते. मी म्हणाले, ‘माझ्यामुळे झालं. तिने मला कधी ढकललं नव्हतं. मी खोटं बोलले, म्हणून आईने तिला कोंडलं, तेव्हा दारात सापडला.’ बाईंनी लिहून घेतलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ‘मग मी इतकी वर्षं त्यांना काय काय बोललो.’ रविवारी मी काकांना फोन केला, मुलीला समोर बसवून सांगितलं. मुलगी म्हणाली, मावशीचा पत्ता दे. दिलाय. तिचं पत्र आलं तर ते मात्र उघड.

इंजिनिअरनी तुझा डावा आरशात उलटा केला आणि माझ्या उरलेल्या हाडावर आणून ठेवला. बसला. कुठे घासावं लागलं नाही. बाई म्हणाल्या, असं नशीब रोज बघायला मिळत नाही. नवा नमुना मी काचेवर ठेवून पाहिला, जरासुद्धा कलला नाही. ऑपरेशन नऊ एप्रिलला आहे. हात किती वळेल याची हमी कुणी देत नाही, पण चाकू धरता येईल असं त्या म्हणतात. गाठ तिसऱ्यांदा येऊ शकते, तेही म्हणतात.

ये असं मी लिहिणार नाही. ते लिहायचा हक्क मला नाही. पण एक उरलंय, आणि ते लपवून तुझा हात माझ्यात बसवून घेणं मला जमणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, कोठीचं दार लागलं तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. तू एकदाच ओरडलीस, ‘आई, हात!’ आई थांबली. दार तसंच धरून तिने मान वळवून खाटेवर माझ्याकडे बघितलं. ती विचारत होती. मी नुसतं ‘बघ’ म्हणाले असते, तरी तिने दार उघडलं असतं.

मी म्हणाले, ‘नाटक करतेय ती.’

आणि आईने दार रेटून कडी लावली.

धाकटी